आयनिक द्रव : उत्प्रेरणाचे नवे माध्यम

मीठ म्हटले की पांढरे, स्फटिकरूप द्रव्य डोळ्यांपुढे येते. ते वितळविण्यास ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. तथापि काही लवणे साध्या तापमानालाही द्रवरूप असतात. पॉल वाल्डेन या रसायनशास्त्रज्ञाने १९१४ मध्ये इथिल अमोनियम नायट्रेट हे लवण अवघ्या १२ अंशांच्या सुमारास वितळते, असे नोंदविले. १०० अंशांखाली वितळणाऱ्या अशा लवणांना 'आयनिक द्रव' म्हणतात.

मिठातील आयन लहान असल्यामुळे परस्परांना घट्ट धरून ठेवतात. आयनिक द्रवांतील धन आयन मात्र बहुधा मोठे व बेडौल असतात. त्यांची नीटस रचना सहजी होत नाही आणि लवण द्रवरूपातच राहते. या द्रवांची वाफ जवळजवळ होत नाही. नेहमीचे विद्रावक हवेत उडून जातात, पेट घेतात. तो धोका येथे पुष्कळच कमी होतो.

शोवें यांचे संशोधन

उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्ची न पडता विक्रियेचा वेग वाढविणारा पदार्थ. द्रवात विरघळलेला उत्प्रेरक उत्तम काम करतो. परंतु तयार मालातून तो वेगळा काढणे कठीण असते. फ्रेंच पेट्रोलियम संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ इव्ह शोवें यांच्यापुढे हीच अडचण होती. तेलशुद्धीकरणातील वायूंपासून उपयुक्त द्रव संयुगे बनविणारा निकेलयुक्त उत्प्रेरक अखेरीस नष्ट करावा लागे आणि सांडपाण्याबरोबर वाया जाई.

शोवें व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हा उत्प्रेरक आयनिक द्रवात विरघळवून वापरल्याचे प्रसिद्ध केले. तयार झालेले संयुग त्या द्रवात फारसे विरघळत नाही. पाण्यावर तेल तरंगावे तसा त्याचा वेगळा थर वर येतो. तो काढून घेतला की उत्प्रेरक खालच्या थरात पुढील कामासाठी शिल्लक राहतो. याच शोवें यांना दुसऱ्या एका उत्प्रेरणविषयक संशोधनाबद्दल २००५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

प्रयोगशाळेतून कारखान्यात

उच्च प्रतीच्या पेट्रोलचा एक घटक बनविताना अनेक तेलशुद्धीकरण कारखाने हायड्रोफ्लुओरिक आम्ल उत्प्रेरक म्हणून वापरतात. या आम्लाची वाफ अत्यंत घातक असते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे २१ जून २०१९ रोजी अशाच विभागात आग लागून स्फोट झाले व हे आम्ल बाहेर पडले. त्याच देशात सॉल्ट लेक सिटी येथील शेव्हरॉन कंपनीच्या कारखान्यात २०२१ मध्ये या आम्लाऐवजी आयनिक द्रवाचा उत्प्रेरक वापरात आला. कारखान्याशेजारी राहणाऱ्या वस्तीच्या दृष्टीने हा बदल मोलाचा आहे.

सावधगिरीही हवी

मात्र वाफ होत नाही म्हणून प्रत्येक आयनिक द्रव निर्धोक ठरत नाही. काही द्रव जलचरांना विषारी असतात. फ्लोरिनयुक्त काही द्रवांचे पाण्याच्या संपर्कात विघटन होऊन तेच घातक आम्ल निर्माण होऊ शकते. शिवाय हे द्रव नेहमीच्या विद्रावकांहून बहुधा महाग पडतात. म्हणून ते पुनःपुन्हा वापरले गेले तरच परवडतात.

हवा शुद्ध राहिली, परंतु नदी-विहिरींचे पाणी दूषित झाले, तर काय साधले? म्हणून नव्या रसायनाचे स्वागत करताना ते हवेत किती जाते याबरोबरच ते पाण्यात गेल्यास काय होते, किती वेळा वापरले जाते आणि अखेरीस त्याची विल्हेवाट कशी लावली जाते, हेही पाहिले पाहिजे. औद्योगिक वसाहतींच्या परिसरातील ग्रामपंचायतींनी हे प्रश्न जरूर विचारावेत.