आकाशातील कारखानदारी आणि बदलते नियम

व्यापाऱ्याच्या घरातील मुलगा संगणकावर तासन्‌तास खेळतो, ही आज पुष्कळ कुटुंबांची तक्रार आहे. परंतु या खेळांपैकी एक असा आहे की, त्याचा हिशेब आपल्या पेढीवरील हिशेबाहून फारसा निराळा नाही. म्हणून त्याचा परिचय सभासदांस करून देणे आम्हांस उचित वाटते.

आइसलंड देशातील सीसीपी या कंपनीने 2003 साली 'ईव्ह ऑनलाइन' हा खेळ सुरू केला. त्यात हजारो तारामंडळे असून तेथील बहुतेक जहाजे खेळाडूच बांधतात. कोणी खनिज काढतो, कोणी माल वाहतो, कोणी कारखाना चालवितो. आणि जिटा नामक पेठेत खरेदीविक्री होते. भाव मागणी-पुरवठ्यावर ठरतात. या बाजाराचा अभ्यास करण्यासाठी कंपनीने 2007 साली एका अर्थशास्त्रज्ञाची नेमणूकही केली होती.

जहाज बांधण्यास आराखडा आणि कच्चा माल लागतो. आराखड्यावर संशोधन केले की माल कमी लागतो. जुलै 2014 पर्यंत कारखान्यांतील जागा ठरावीक होत्या. गजबजलेल्या ठिकाणी संशोधनासाठी दीर्घकाळ तिष्ठावे लागे. आकार मात्र नाममात्र असे. त्या महिन्यात 'क्रियस' या सुधारणेने जागांची मर्यादा काढून टाकली आणि आकार गर्दीशी जोडला. ज्या तारामंडळात काम अधिक, तेथे आकार अधिक. रांगेची जागा किमतीने घेतली. साहजिकच पेठेजवळ राहून जादा आकार द्यावा, की दूर जाऊन वाहतुकीचा खर्च व लुटीचा धोका पत्करावा, हा विचार प्रत्येकास करणे भाग पडले.

त्याच वेळी संशोधनासही सीमा घातली गेली. मालातील बचत जास्तीत जास्त 10 टक्के, वेळेतील 20 टक्के. त्यापलीकडे वर्षानुवर्षे केलेल्या संशोधनाचे अधिक मोल उरले नाही.

पुढे एप्रिल 2021 मध्ये मोठ्या जहाजांच्या सामग्रीत नवे घटक घातले गेले आणि त्यांचा उत्पादनखर्च पुष्कळ वाढला. ज्यांच्यापाशी बांधलेली जहाजे होती, त्यांच्या मालाचे मोल वाढले. नव्याने धंद्यात येणाऱ्याची वाट मात्र बिकट झाली.

या खेळात नवशिके एक चूक हमखास करतात. 'खनिज आम्हीच खणले, तेव्हा ते फुकट पडले,' असे समजून ते जहाज स्वस्तात विकतात. पण तेच खनिज पेठेत विकून जास्त पैसे मिळत असतील, तर जहाज बांधण्यात तोटाच झाला. वखारीतील जुना माल आजच्या भावाने मोजावा, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले तत्त्व येथेही तंतोतंत लागू पडते.

मात्र एक भेद विसरता कामा नये. आपल्या बाजारात कायदा बदलला तर दाद मागण्यास न्यायालय आहे, संघ आहे. तेथे नियम करणारी व बदलणारी कंपनी एकच. खेळाडू फार तर निषेध करू शकतो किंवा खेळ सोडू शकतो. तेव्हा मुलास सरसकट मनाई करण्यापेक्षा त्याच्यापाशी बसून त्याचा जमाखर्च पाहावा, आणि परक्याच्या नियमांवर उभ्या असलेल्या संपत्तीत किती वेळ व पैसा घालावा, हे त्यास विचारावे, अशी आमची सूचना आहे.