पालक सभेला जाणार ना?

शाळेतून सभेची चिठ्ठी आली, की ‘तूच जाऊन ये’ म्हणून बाबा मोकळे होतात. आई प्रगतिपुस्तकावर सही करून परतते. दप्तराचे ओझे, स्वच्छतागृहात नसलेले पाणी, वाढती फी यांबद्दल एकट्याने बोलले तर ती तक्रार ठरते. पालक-शिक्षक संघात मांडले तर त्याचा ठराव होतो.

महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खाजगी शाळेतील प्रत्येक पालक या संघाचा सदस्य असतो. कार्यकारी समितीतील पालक सोडतीने निवडले जातात आणि फीचा प्रस्ताव शाळेला या समितीपुढे ठेवावा लागतो. सरकारी व अनुदानित शाळांसाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. त्यानुसार व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात.

तेव्हा पुढच्या सभेला दोघांनीही जा आणि समितीसाठी नाव जरूर द्या.