समजून घ्या : 'पाऊस' शोधले, 'पावसाचे' सापडले नाही! पायथॉनमधून स्वतःचा सर्च कसा बनवायचा?

समजा, वाचनालयाच्या यादीत 'पावसाचे पाणी कसे साठवावे' असे एक पुस्तक आहे. वाचक सर्च बॉक्समध्ये 'पाऊस' टाइप करतो. उत्तर येते, 'एकही पुस्तक सापडले नाही'. पुस्तक कपाटातच असते, वाचक मात्र रिकाम्या हाताने परततो. मराठी मजकुरासाठी सर्च बनवणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण येते. पायथॉन आणि इलॅस्टिकसर्च ही जोडी वापरून सुरुवात कशी करायची आणि कुठे सावध राहायचे, ते पाहू या.

इलॅस्टिकसर्च म्हणजे नेमके काय?

शे बॅनन यांनी २०१० मध्ये हे सर्च इंजिन प्रसिद्ध केले. त्याचा पाया आहे अपाचे ल्युसीन ही जावा लायब्ररी. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, कोणता शब्द कोणत्या पानावर ते सांगणारी. इलॅस्टिकसर्च तुमच्या सगळ्या नोंदींची अशीच सूची आधी तयार करून ठेवते. म्हणून शोधताना प्रत्येक नोंद वाचत बसावे लागत नाही.

हा सर्व्हर ९२०० या पोर्टवर चालतो. त्याच्याशी बोलण्याचे काम पायथॉनमधील क्लायंट लायब्ररी करते. जोडणी, पासवर्ड, चुकांचे संदेश हे सगळे ती सांभाळते.

सुरुवात कशी करायची?

- लॅपटॉपवर डॉकरच्या मदतीने सर्व्हर सुरू करा.
- पिप कमांडने 'इलॅस्टिकसर्च' हे पॅकेज घ्या. सर्व्हरची आणि क्लायंटची मुख्य आवृत्ती एकच ठेवा. सर्व्हर ८ आणि क्लायंट ९ असेल, तर पहिल्याच विनंतीला ४०० क्रमांकाची एरर येते. आवृत्ती न सांगता पॅकेज घेतले की पिप सर्वांत नवी आवृत्ती आणते, तिथेच अनेकजण फसतात.
- पत्ता आणि पासवर्ड देऊन क्लायंट तयार करा आणि 'इन्फो' हे फंक्शन चालवून जोडणी तपासा.
- 'इंडेक्स' फंक्शनने एक पुस्तक टाका, 'सर्च' फंक्शनने ते शोधा. हजारो पुस्तके असतील तर एकेक न टाकता 'बल्क' हेल्पर वापरा.

पहिल्या दिवशीच्या चुका कोणत्या?

पहिली चूक फाइलच्या नावाची. स्वतःच्या फाइलला लायब्ररीचेच नाव दिले, तर पायथॉन लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उघडतो आणि इम्पोर्ट एरर येते.

दुसरी घाईची. नुकतीच टाकलेली नोंद लगेच शोधली तर सापडत नाही. नवी नोंद सर्चमध्ये दिसायला साधारण १ सेकंद लागतो.

तिसरी आयडीची. पुस्तकाचा दाखल क्रमांक आयडी म्हणून दिला नाही, तर स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवताच प्रत्येक पुस्तक दोनदा दिसू लागते. शिवाय वेगळे काही सांगितले नाही, तर सर्च १० निकालच परत देतो. बाकीची पुस्तके हरवलेली नसतात.

पासवर्ड बंद केला तर?

आवृत्ती ८ पासून सुरक्षा आपोआप सुरू असते. पहिल्यांदा सर्व्हर सुरू करताना स्क्रीनवर दिसणारा पासवर्ड जपून ठेवा. कटकट नको म्हणून अनेकजण सुरक्षा बंद करतात. स्वतःच्या लॅपटॉपवर सरावापुरते ते चालेल. पण सभासदांची नावे, मोबाइल क्रमांक असलेला सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवला, तर कोणीही तो वाचू शकतो, पुसूही शकतो. जानेवारी २०१७ मध्ये पासवर्ड नसलेल्या हजारो इलॅस्टिकसर्च सर्व्हरमधील माहिती पुसून खंडणी मागण्यात आली होती.

मराठीसाठी वेगळे काय करावे लागते?

मजकुराचे शब्द पाडण्याचे काम ॲनलायझर करतो. इंग्रजी, हिंदी, बंगालीसाठी तयार ॲनलायझर सोबत येतात, मराठीसाठी येत नाही. नेहमीचा ॲनलायझर 'पाऊस' आणि 'पावसाचे' हे दोन वेगळे शब्द मानतो. हिंदीचा लावून भागत नाही, कारण तो हिंदीच्या प्रत्ययांसाठी बनलेला आहे.

'शेती'वरून 'शेतीचे', 'शेतीसाठी' शोधायचे असेल, तर शब्दाच्या सुरुवातीवरून शोधणारी प्रीफिक्स क्वेरी पुरते. 'पाऊस'च्या बाबतीत मात्र मूळ शब्दच बदलतो. तिथे समानार्थी शब्दांची यादी द्यावी लागते : 'पावसाचे', 'पावसात', 'पावसाने' म्हणजे 'पाऊस'. ही यादी ॲनलायझरमध्ये बसवून इंडेक्स तयार करतानाच लावा. आधीच भरलेल्या फील्डचा ॲनलायझर नंतर बदलता येत नाही, सगळा डेटा नव्या इंडेक्समध्ये भरावा लागतो. म्हणून आधी 'ॲनलाइझ' फंक्शनला चार-दोन मराठी वाक्ये देऊन शब्द कसे पडतात ते पाहा.

सगळे शब्द एका दिवसात यादीत येणार नाहीत. वाचकांनी काय शोधले आणि काय सापडले नाही, याची नोंद ठेवा. 'एकही पुस्तक सापडले नाही' हे उत्तर ज्या शब्दांना मिळाले, ते दर आठवड्याला यादीत घाला. पुढच्या वेळी 'पाऊस' शोधणाऱ्याला कपाटातले पुस्तक मिळेल.