गाडीचा विमा आहे, पण तुमचा?

जुलै उजाडला की कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो : 'मढे घाट कधी?' मग लोकेशन येतं, कोण कोण येणार याची यादी होते, खाण्यापिण्याचं वाटप होतं. तिथवर जायचं कसं, हा प्रश्न मात्र आपण शेवटपर्यंत सोडवत नाही. 'बघू, मिळेल काहीतरी' यावर सगळं चालतं.

मागच्या जुलैत आम्हालाही असंच 'काहीतरी' मिळालं. आम्ही सहा जण. स्वारगेटहून वेल्ह्याला उतरलो, तर केळदकडची एसटी नुकतीच गेलेली. तोरणा ढगात बुडालेला, पाऊस आडवा. समोर एक पिकअप उभी होती. मागे ताडपत्रीखाली युरियाच्या गोण्या, त्या उतरवायला सोबत एक माणूस. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी पासलीचे एक आजोबा. खत त्यांचंच होतं. ड्रायव्हरदादा म्हणाले, "बसा की मागं, पोरांनो. येष्टी आता लवकर न्हाई यायची. माणशी पन्नास द्या." आम्ही बसलो. खरं सांगायचं तर एसटी चुकल्याचा आनंदच झाला. मागे उभं राहून रील करायला मिळणार होतं ना!

पासलीच्या अलीकडच्या वळणावर धुक्यातून अचानक एक बाईक समोर आली. ब्रेक लागला, गाडी घसरली आणि पुढचं चाक कडेच्या गटारात गेलं. आम्ही गोण्यांवर आदळलो. एका मैत्रिणीचं मनगट सुजलं, बाकीच्यांना खरचटलं. त्या क्षणी सगळे हसत होतो, घाबरल्यावर हसतो तसं.

पासलीत चहा घेताना ड्रायव्हरदादांनी डॅशबोर्डमधून प्लॅस्टिकची फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. "भिऊ नका. सगळी कागदं क्लियर हायेत. इन्शुरन्स फेब्रुवारीपत्तुर हाय." ते खरं बोलत होते. विमा चालू होता. पत्रकारितेची सवय म्हणा किंवा चहाला वेळ होता म्हणून म्हणा, मी तो कागद पूर्ण वाचला. 'वापराच्या मर्यादा' अशा मथळ्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती : गाडीवरचे कर्मचारी सोडून इतर प्रवासी नेण्यासाठी ही पॉलिसी नाही.

म्हणजे गाडीचा विमा होता. आमचा नव्हता.

एक गाडी, चार हिशेब

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला 'थर्ड पार्टी' विमा लागतो. ही सक्ती जुनी आहे. आधीच्या १९३९ च्या कायद्यातली तरतूद १ जुलै १९४६ पासून लागू झाली. गाडीचा मालक पहिला पक्ष, विमा कंपनी दुसरा आणि गाडीमुळे ज्याचं नुकसान झालं तो तिसरा. हा विमा मालकाच्या गाडीसाठी नसतो, रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी असतो. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर ट्रकने गाड्यांना ठोकरल्याच्या बातम्या आपण वाचतो. तिथे जखमी झालेल्या बाईकवाल्याला भरपाई मिळते ती त्या ट्रकच्या थर्ड पार्टी विम्यातून. ट्रकचा मालक कर्जबाजारी असला तरी कंपनीला पैसे द्यावे लागतात. मृत्यू किंवा इजा झाली, तर या भरपाईला पॉलिसीत वरची मर्यादा नाही. रक्कम मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं.

आता आमच्या पिकअपकडे परत या. त्या वळणावर मोठा अपघात झाला असता तर?

समोरच्या बाईकवाल्याला भरपाई मिळाली असती. तो तिसरा पक्ष. ड्रायव्हर आणि गोण्या उतरवणारा माणूस हे गाडीवरचे कर्मचारी. त्यांना कर्मचारी भरपाई कायद्याच्या हिशेबाने विम्याचं संरक्षण होतं. आजोबांनाही होतं. मालाचा मालक किंवा त्याने अधिकार दिलेला माणूस मालासोबत जात असेल, तर त्यालाही विमा लागू होतो, अशी दुरुस्ती १९९४ मध्ये कायद्यात झाली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं, की मालाचा मालक म्हणजे केबिनमध्ये बसलेला मालक, मागे गोण्यांवर बसलेला नव्हे.

आणि आम्ही सहा जण? आम्ही कर्मचारी नाही, माल आमचा नाही. पन्नास रुपये दिले म्हणून मालगाडी प्रवासी गाडी होत नाही. 'न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये हेच सांगितलं : मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. त्याआधी याच न्यायालयाचा निकाल उलटा होता, तो यात फिरला. २००४ च्या 'बलजित कौर' खटल्यातही न्यायालय या भूमिकेवर ठाम राहिलं. फक्त त्या कुटुंबाची परवड नको म्हणून कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असं सांगितलं.

वसूल कुठून होणार? पिकअपचा मालक बहुतेक वेळा कर्जावर गाडी घेतलेला गावातलाच माणूस असतो. म्हणजे त्याची गाडी जाते, कधी जमीन जाते. जखमी माणूस कोर्टाच्या चकरा मारतो आणि ज्याने अडचणीत मदत म्हणून आपल्याला बसवलं तोही बुडतो.

दोष कुणाला द्यायचा?

सोपं आहे, ड्रायव्हरला दोष देऊन मोकळं व्हायचं. पण पासलीसारख्या गावात पिकअप म्हणजे फक्त टेम्पो नाही. भाताच्या लावणीला बायका त्यातूनच जातात. लग्नाचं वऱ्हाड त्यातून निघतं. रात्री कुणाला जास्त झालं, तर दवाखान्यात नेणारी गाडीही तीच. एसटी वेळेवर आणि पुरेशी असती, तर यातले कितीजण गोण्यांवर बसले असते? आपण मात्र हौसेने बसतो. त्यांच्याकडे पर्याय नसतो, आपण तो शोधलेला नसतो.

पैशांचंही बघा. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला १६,०४९ रुपये आहे. तुमच्या ७५ ते १५० सीसीच्या बाईकला तो ७१४ रुपये पडतो. चाळीस टनांवरच्या ट्रकला ४४,२४२. आणि विमा नसताना पकडलं तर? पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही; पुन्हा पकडलं तर दंड ४,०००. पिकअपवाल्यासाठी पहिला दंड हप्त्याच्या आठव्या हिश्श्याइतका! अशा हिशेबात हप्ता चुकवायचा मोह होणारच. तरीही आमच्या ड्रायव्हरदादांनी हप्ता भरला होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पुरावा कुणाकडे?

अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भाड्याने माल नेणाऱ्या ट्रक कंपनीला विम्याचा कागद नुसता गाडीत ठेवून भागत नाही. विमा कंपनी स्वतः त्याचा पुरावा केंद्रीय यंत्रणेकडे दाखल करते. साध्या मालासाठी मोठ्या ट्रकला किमान साडेसात लाख डॉलरचं संरक्षण लागतं, आणि विमा रद्द करायचा तर कंपनीला तीस दिवस आधी सरकारला कळवावं लागतं. ही नोंद कुणीही ऑनलाइन पाहू शकतो.

आपल्याकडे विम्याचा पुरावा म्हणजे 'फॉर्म ५१' मधलं प्रमाणपत्र. ते आता डिजिलॉकर किंवा एम-परिवहन अॅपमध्ये दाखवलं तरी चालतं. गाडीचा नंबर टाकला की विमा कधीपर्यंत आहे, हे अॅपवर आपल्यालाही दिसतं. पण ती तारीख एवढंच सांगते की विमा चालू आहे. तो कुणासाठी आहे, हे तारखेवरून कळत नाही. आम्हाला ते पासलीत चहा पिताना कळलं. तुम्हाला गाडीत पाय ठेवण्याआधी कळावं, म्हणून हा सगळा खटाटोप.

मैत्रिणीचं मनगट तीन आठवडे पट्ट्यात होतं. खर्च तिच्या बाबांनी केला. परतीच्या वाटेवर आम्ही पासलीच्या थांब्यावर दीड तास एसटीची वाट बघितली. मधल्या वेळात दोन पिकअप थांबल्या. दोन्ही ड्रायव्हरांनी प्रेमाने विचारलं, "येताय का?" आम्ही 'नको, दादा' म्हणालो. रीलसाठी सीन चांगला नव्हता, पण एसटी आली.

निघण्याआधी पाच मिनिटं

- परतीची एसटी किती वाजता आहे, हे उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारा.
- खासगी गाडी ठरवली, तर एम-परिवहनवर नंबर टाका. वाहनप्रकारात 'मालवाहू' दिसलं, तर ती तुमच्यासाठी नाही. पिवळ्या नंबरप्लेटवर जाऊ नका. ती ट्रकलाही असते आणि टॅक्सीलाही.
- त्याच स्क्रीनवर विमा आणि फिटनेसच्या तारखा बघा. गाडी किती सीटची आहे तेही बघा आणि तेवढेच बसा.
- बाईकने जाताय? नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर मागे बसणारा त्यात धरला जात नाही. तुमची पॉलिसी कुठली आहे, ते आज रात्रीच उघडून बघा.
- ठोकर देऊन गाडी पळून गेली, तरी गप्प बसू नका. १ एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्राच्या योजनेत मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी पोलिसांत नोंद हवीच.