अँपिअरच्या काट्याची बुलेट

जुन्या बुलेटच्या हेडलाइटवर, स्पीडोमीटरच्या शेजारी, एक छोटा अँपिअर मीटर असतो. नव्या मालकांना तो शोभेचा वाटतो. मुरलेला फिटर मात्र पाना हातात घेण्याआधी चावी फिरवतो आणि काटा बघतो.

1955 साली मद्रासमध्ये बुलेटची जुळणी सुरू झाली. पहिलं गिऱ्हाईक भारतीय लष्कर. इंग्लंडमधल्या मूळ कंपनीचं उत्पादन 1970च्या आसपास थांबलं. इथली गाडी मात्र पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइलवर पुढे कित्येक वर्षं निघत राहिली.

त्या काट्याचं गणित सरळ आहे. चावी लावल्यावर पॉइंट मिटलेले असले की कॉइल बॅटरीतून करंट ओढते, काटा डावीकडे झुकतो. डीकॉम्प्रेसर ओढून किक हळूहळू दाबली की पॉइंट उघडतात आणि काटा मध्यावर येतो. पिस्टन वरच्या टोकाशी आला, आता किक मारायची. काटा हललाच नाही तर बॅटरी, फ्यूज, सुटलेली वायर नाहीतर पॉइंटवरचा काळा थर. डावीकडे जाऊन तिथंच बसला तर पॉइंट उघडत नाहीत, किंवा वायर कुठंतरी लोखंडाला लागते आहे. थेट टोकाला आपटला तर विचार नंतर, आधी चावी बंद करून बॅटरीची वायर काढायची! आणि गाडी पळत असतानाही काटा डावीकडेच राहत असेल, तर चार्जिंग नाही. अल्टरनेटर आणि रेक्टिफायर तपासायचे.

सहा व्होल्टच्या गाड्यांत आणखी एक गोम. 36 वॉटचा दिवा तिथं 6 अँपिअर ओढतो, बारा व्होल्टवर फक्त 3. अर्थिंगच्या गंजक्या बोल्टात 0.2 ओहमचा अडथळा असला, तर सहातले 1.2 व्होल्ट, म्हणजे पाचवा हिस्सा, तिथंच जिरतात. बाराच्या गाडीत तोच बोल्ट विसावा हिस्सा खातो. दिवा मिणमिणतो म्हणून लोक नवी बॅटरी घेतात. खरं तर फ्रेमवरचा रंग पॉलिश पेपरने खरवडून बोल्ट आवळायचा असतो. रंगकाम करून आणलेल्या गाड्यांत तर ही खोड हटकून सापडते.

सोलापूरचा उन्हाळा हा वेगळाच कारभार. पारा चाळिशीपार गेला की बॅटरीतलं पाणी झपाट्यानं उडतं. सकाळी गार असताना एका किकमध्ये सुरू झालेली गाडी तुळजापूरला पोचून तापली की दाद देत नाही. अशा वेळी संशय आधी कंडेन्सरवर घ्यावा. तो गेला की पॉइंटमध्ये फुलबाजीसारख्या ठिणग्या उडतात आणि पॉइंट जळतात. कंडेन्सर कॉइलपेक्षा स्वस्त, म्हणून तोच आधी बदलून पाहावा. पॉइंटची फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवावी.

जुनी बुलेट घ्यायला जाल तेव्हा इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. वळवताच इंजिन बंद पडलं, तर हेडलाइटमागची एखादी वायर आतून तुटल्याची शक्यता मोठी. वायरिंगचा खर्च किमतीतून वजा करूनच सौदा करा.