पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतर काय असतं?

मराठी विकिपीडियावर 'सोनाळा' शोधा. (आपलंच, संग्रामपूर तालुक्यातलं.) निकालांचं पान उघडलं की वरचा पत्ता बघा. प्रश्नचिन्हापर्यंत पानाचा ठिकाणा, त्यापुढे आपली मागणी. 'सर्च=सोनाळा' ही एक जोडी, मग &, मग दुसरी जोडी. इंग्रजीत &लिमिट=१०० जोडून एंटर मारा, एका पानावर शंभरपर्यंत निकाल दिसतील.

हाच पत्ता वहीत डकवला की 'सोनाळा' बहुधा गायब, नुसती %ची रांग! घाबरू नका. स, ो, न, ा, ळ, ा अशी ६ चिन्हं, युटीएफ-८ मध्ये प्रत्येकी ३ बाइट, आणि दर बाइटला % धरून ३ अक्षरं. झाली ५४.

एकदा मी शोधशब्दातच & ठेवून पत्ता हाताने लिहिला. सर्व्हरने शब्द तिथेच तोडला. निकाल आले ना, म्हणून दोन दिवस चूक कळलीच नाही. तिथे %२६ हवं, आकडे इंग्रजी.

साहित्य शोधताना पूर्ण पत्ता आणि तारीख, दोन्ही टिपून ठेवा, गाइड विचारतातच. 'यूटीएम'ने सुरू होणाऱ्या जोड्या मात्र खुशाल खोडा, त्या फक्त तुम्ही कुठून आलात ते मोजतात.