बोरीवलीला समुद्र आहे!

बोरीवली म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? स्टेशनवरची गर्दी, एस. व्ही. रोडचं ट्रॅफिक, नॅशनल पार्क आणि विरार लोकलमध्ये चढायची कसरत. बाहेरगावाहून हॉस्टेलवर आलेल्या मंडळींना "मुंबईत काय पाहिलंस?" असं विचारा, उत्तर ठरलेलं : गेटवे, मरीन ड्राईव्ह, म्युझियम. थोडक्यात काय, इतिहास बघायचा तर चर्चगेटला उतरायचं आणि बोरीवलीत फक्त झोपायचं, असा आपला एक गोड समज आहे.

पण नकाशा उघडून बघा. आपण राहतो ते साष्टी बेटावर. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची खाडी आणि पश्चिमेला गोराईपलीकडे अरबी समुद्र. रेल्वे आली एकोणिसाव्या शतकात. त्याआधी दोन हजार वर्षं इथली बरीचशी ये-जा समुद्राने आणि खाडीने होत होती. हे एकदा डोक्यात बसलं की आसपासच्या जुन्या जागा सुट्या राहत नाहीत, एका माळेत बसतात. चला तर मग, ही माळ ओवूया.

सोपारा : नोटीस बोर्डचं गाव

नालासोपाऱ्यातला 'सोपारा' म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या माहितीपुस्तकात त्याचं नाव आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप खणला. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडे, अगदी आतला सोन्याचा, आणि सोबत आठ लहान मूर्ती! त्याच वर्षी इथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच भुईगावला सापडला. आता सांगा, आपल्याकडे नोटीस मेसच्या दारातच का लावतात? कारण तिथून सगळे जातात. अशोकानेही तेच केलं. ज्या बंदरातून सगळं जग ये-जा करत होतं, तिथेच त्याने आपली नोटीस लावली.

कान्हेरी : सोनाराने दिलेलं टाकं

बंदर म्हटलं की व्यापारी आले, आणि व्यापाऱ्यांकडे पैसा आला. त्यातलाच काही पैसा कान्हेरीच्या डोंगरात गेला. इथे शंभरावर लेणी आहेत. इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपास खोदकाम सुरू झालं आणि पुढे जवळजवळ हजार वर्षं इथे वस्ती होती. राजांनी दिलेल्या देणग्या तर आहेतच, पण शिलालेखांतले बरेच दाते साधे लोक आहेत. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचं टाकं दान दिल्याची नोंद तिथे आहे. दगडात कोरलेली पावतीच म्हणा ना!

सिव्हिलवाल्यांनी मूर्तींआधी हे पाणी बघावं. जवळपास प्रत्येक लेण्याच्या बाजूला एक टाकं आहे. वरच्या उतारावर कोरलेल्या पन्हळी पावसाचं पाणी गोळा करून टाक्यात सोडतात. पंप नाही, पाईप नाही, नुसता उतार. पाऊस चार महिने आणि पाणी बारा महिने, हा हिशोब त्यांनी दगडातच सोडवून ठेवला होता. पुढे इंग्रजांनाही हेच डोंगर उपयोगी पडले. त्यांनी १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव बांधून मुंबईला पाणी नेलं. हे दोन्ही तलाव आजही मुंबईला पाणी देतात.

आणखी एक गंमत. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली आहेत. (ती हजार वर्षांनी इतिहास झाली म्हणून कोणी बदाम आणि बाण कोरायला घेऊ नये. आता तो गुन्हा आहे.)

एकसर : दगडातलं आरमार

बोरीवली पश्चिमेला एकसरमध्ये इमारतींच्या गर्दीत उंचच उंच वीरगळ उभे आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची स्मृतिशिळा. गावोगावी दिसतात ते बहुतेक जमिनीवरच्या लढाईचे. इथे मात्र वल्ही मारत निघालेली जहाजं कोरली आहेत! देवगिरीचा महादेव यादव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास समुद्रावर लढाई झाली आणि त्यात सोमेश्वर बुडाला. ती हीच लढाई, असं अनेक अभ्यासक मानतात. रिक्षावाल्याला 'वीरगळ' म्हणून सांगाल तर तो गोंधळेल. तिथे राहणाऱ्यांतही सगळ्यांना माहीत असतीलच असं नाही.

मंडपेश्वर आणि वसई

तिथून जवळच मंडपेश्वर. सहाव्या ते आठव्या शतकाच्या दरम्यान कोरलेलं हे शंकराचं लेणं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, लेण्याचं चॅपल झालं आणि वर चर्च व मठ उभा राहिला. मग मराठे आले, मग इंग्रज. दर वेळी जागेचा धनी बदलला. आज आत नटराज आहे, एका शिल्पपटाच्या जागी कोरलेला क्रूस आहे, वर पडक्या भिंती आहेत आणि महाशिवरात्रीला भाविकांची रांगही आहे. कोणाचं काय पुसलं यावर वाद घालणं सोपं आहे. पण इथे जे जे घडलं ते सगळं एकाच दगडावर वाचता येतं, हे जास्त मोलाचं.

पोर्तुगीजांचं मुख्य ठाणं वसई. ती त्यांना गुजरातच्या बहादूरशहाकडून १५३४ मध्ये मिळाली आणि चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये जिंकली. त्या विजयातली एक घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आजही टांगलेली आहे.

राज्यं गेली, माणसं राहिली. गोराई, मनोरी, उत्तनचे ईस्ट इंडियन लोक इथलेच भूमिपुत्र. कंपनीच्या काळापासून इंग्रजांच्या नोकरीत असलेल्या या स्थानिक ख्रिस्ती समाजाने, गोव्याहून आलेल्यांपेक्षा आपली ओळख वेगळी राहावी म्हणून, १८८७ मध्ये हे नाव घेतलं. धर्म ख्रिस्ती, पण घरातली बोली मराठीची, थोडे पोर्तुगीज शब्द मिसळलेली. त्यांचा बाटलीत ठासून भरलेला 'बॉटल मसाला' ज्याने खाल्लाय त्याला मेसची भाजी गोड लागणार नाही!

मग आपण काय करायचं?

कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया या किनारी प्रांतात लुईबर्ग नावाचा फ्रेंच किल्ला आहे. साधारण वसईच्याच काळात इंग्रजांनी तो जिंकला आणि १७६० मध्ये पाडून टाकला. तिथल्या सरकारने १९६१ पासून त्याचा सुमारे एक चतुर्थांश भाग पुन्हा उभारला, आणि कामावर घेतले कोळसा खाणींतले बेकार झालेले कामगार! वारसा म्हणजे नुसती जुनी दगडं नव्हेत, त्यात रोजगार आणि शिक्षणही असतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

वसई पुन्हा बांधणं आपल्या हातात नाही. पण सर्व्हेचं प्रॅक्टिकल दर वर्षी ग्राउंडवरच का? परवानगी काढून कान्हेरीच्या एखाद्या टाक्याचा आणि पन्हळीचा नकाशा काढता येईल. कॉम्प्युटरवाल्यांना एकसरच्या वीरगळांचे चारही बाजूंनी फोटो घेऊन थ्रीडी मॉडेल करता येईल. ऊन-पावसात दगडाची झीज होतेच, ती आपल्यासाठी थांबणार नाही. आजची नोंद झाली, तर पुढच्या बॅचला निदान तुलना करायला काहीतरी हाती राहील. स्टाफरूममधल्या सरांनी आणि मॅडमनी हे मनावर घ्यावं, ही नम्र विनंती.

तोपर्यंत एक रविवार काढा. सकाळी लवकर कान्हेरी (सोमवारी पार्क बंद असतं), दुपारी मंडपेश्वर आणि एकसर. पुढच्या रविवारी नालासोपारा आणि वसई. पाण्याची बाटली घ्या, चांगले बूट घाला, माकडांपासून डबा सांभाळा. आणि शेवटी बोटीने खाडी ओलांडून गोराईला जा. या सगळ्या गोष्टी जिथून आल्या तो समुद्र तिथे समोरच आहे.